गावाने राखलेलं गोटुल

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर लेखा लागतं आणि त्याला लागूनच मेंढा. पाचशेच्या आसपास वस्तीचं हे गोंड गाव आज देशभर ओळखलं जातं ते वनहक्कामुळे. माझ्या मते मात्र या गावाची गोष्ट गोटुलापासून सांगायला हवी.

शहरात व्यायामशाळा, समाजमंदिर, नाट्यगृह, धर्मशाळा सगळं वेगवेगळं. गोंड गावात ही कामं गोटुलाच्या एकाच छपराखाली चालत. गावाची बैठक तिथेच, पाहुण्याचा मुक्काम तिथेच, लहानांनी थोरांकडून रीतभात शिकायची तीही तिथेच. रात्रीची जेवणं उरकली की पोरं जमत, ढोल निघे आणि अंगणात रेला नाच सुरू होई. मुली एकमेकींच्या कमरेत हात गुंफून रांग धरतात. पाऊल ढोलावर पडतं, रांग हळूहळू वळत जाते, आणि ‘रेला’चं पालुपद एकीकडून उचललं की दुसरीकडून त्याला साथ मिळते. दिवसभर रोवणी करून आलेले पाय तासन्‌तास थांबत नाहीत. याला खेळ म्हणा, व्यायाम म्हणा की करमणूक, गोंडांनी तशी वाटणी कधी केलीच नाही.

बाहेरच्यांनी गोटुलाकडे बरेचदा चुकीच्या नजरेने पाहिलं. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचा 1947 सालचा गाजलेला ग्रंथ बस्तरच्या मुरिया गोंडांवर आहे. तिथे मुलं-मुली गोटुलात एकत्र राहत. डोंगराळ भागातल्या माडिया गोंडांची रीत वेगळी: मुली नाचगाण्याला येत, झोपायला आपापल्या घरी जात. हा फरक लक्षात न घेता सगळ्याच गोटुलांची बदनामी झाली. काही ठिकाणी तर आपल्याच लोकांना त्याची लाज वाटू लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

मेंढ्यातही गोटुल मोडकळीला आलं होतं. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन पेटलं, त्यातून गावाला जाग आली आणि गोटुल पुन्हा उभारायचं ठरलं. रीतीप्रमाणे जंगलातला साग आणला, खांब रोवले. वनखात्याने हे लाकूड बेकायदा ठरवलं आणि बांधलेलं गोटुल पाडून टाकलं. तेव्हा परिसरातली बारा गावं एकत्र बसली. एक गोटुल पाडलं, तर आम्ही प्रत्येक गावात एकेक उभारू, असं त्यांनी ठरवलं. खात्याने माघार घेतली. मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं.

पुढचं सगळं याच जिद्दीतून आलं. मेंढ्याची ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असला तरी चर्चा चालू राहते. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

आपल्याकडे क्रीडा संकुलं आणि समाजमंदिरं मंजूर होतात, बांधली जातात आणि कितीतरी ठिकाणी कुलपात पडून राहतात. गडचिरोलीत अशा नव्या इमारतीचा आराखडा काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी गावाची परवानगी घ्या, एक रात्र गोटुलात बसा आणि मगच कागदावर रेघ ओढा.