घरात एकच यंत्र घ्यायचे असेल तर : टॅबलेट की संगणक?

दहावी-बारावीचे निकाल लागले की अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलांच्या शिक्षणासाठी काय घ्यावे? भिशी लागलेली असते, नाहीतर आखातात नोकरीला असलेल्या मामूंनी थोडी रक्कम पाठवलेली असते. पैसे एकदाच हातात आलेले असतात आणि घेतलेली वस्तू चार-पाच वर्षे पुरवायची असते. दुकानात गेल्यावर समोर येतो एक देखणा टॅबलेट. त्याला कीबोर्ड जोडला की तो लॅपटॉपसारखा दिसतो, काढला की पाटीसारखा हातात मावतो. दुकानदार म्हणतो, "आता वेगळा कॉम्प्युटर कशाला? हाच दोन्ही कामे करतो."

हे म्हणणे कितपत खरे आहे? आपल्या घरांत कष्टाचा पैसा खर्च होतो आणि इस्राफ आपल्याला मना आहे, म्हणून याचा नीट विचार करायला हवा.

दिसायला संगणक, पण आतून?

अशा यंत्रांना 'हायब्रिड' किंवा 'टू-इन-वन' म्हणतात. सगळी हायब्रिड यंत्रे मात्र एकसारखी नसतात. काहींच्या आत मोबाइलची कार्यप्रणाली असते, म्हणजे अँड्रॉइड किंवा आयपॅडची. काहींच्या आत संगणकावर असते तीच पूर्ण विंडोज असते. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात आणि नेमका इथेच ग्राहक फसतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सरफेस' नावाचा टॅबलेट बाजारात आणला. त्याला टेकू होता, जोडता येणारा कीबोर्ड होता, पडद्यावर विंडोजसारखेच चित्र होते. पण त्यातली 'विंडोज आरटी' ही वेगळी प्रणाली होती. लोकांची रोजच्या वापरातली जुनी विंडोज सॉफ्टवेअर तिच्यावर चालतच नव्हती. किंमत उतरवावी लागली आणि २०१३ मध्ये कंपनीला त्यापोटी ९० कोटी डॉलरचा फटका हिशेबात दाखवावा लागला.

त्यानंतर बरीच सुधारणा झाली. २०१० साली आलेल्या आयपॅडला मार्च २०२० मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडची नीट सोय मिळाली. सॅमसंगच्या काही टॅबलेटवर 'डेक्स' सुरू केले की पडदा संगणकासारखा मांडला जातो आणि खिडक्या शेजारी-शेजारी उघडतात. टॅबलेट संगणकाच्या जवळ येत चालला आहे, हे मान्य करायला हवे. तरी खरेदी करताना पहिला प्रश्न हाच विचारावा : आत कोणती कार्यप्रणाली आहे?

पाहणारे किती, लिहिणारे किती?

दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर एक छोटा प्रयोग करावा. एका कागदावर दोन रकाने आखा. पहिल्यात पाहण्या-वाचण्याची कामे लिहा आणि दुसऱ्यात लिहिण्या-बनवण्याची. घरातला प्रत्येक जण काय करतो, किंवा पुढच्या दोन वर्षांत त्याला काय करावे लागणार आहे, ते त्यात टिपा.

दादीजानला मोठ्या अक्षरांत कुरआन शरीफ वाचायचे आहे, तिलावत ऐकायची आहे. धाकट्याला शाळेचे व्हिडिओ पाहायचे आहेत. अम्मीला शिवणाचे नमुने पाहायचे आहेत, दूरच्या खालाजानशी समोरासमोर बोलायचे आहे. अब्बूंना वीजबिल भरायचे आहे, बँकेचे व्यवहार पाहायचे आहेत. ही सगळी कामे साधा टॅबलेट उत्तम करतो. तो हलका असतो, वीज थोडी खातो आणि भारनियमनातही काही तास चालतो. ज्या घराचा दुसरा रकाना रिकामा आहे, त्या घराने संगणकावर पैसे घालण्याची गरज नाही.

पण घरात अकरावीच्या पुढचे मूल असेल, तर दुसरा रकाना भराभर भरू लागतो. प्रकल्प लिहायचा, त्यात तक्ते टाकायचे, प्रवेशाचे अर्ज भरायचे, दाखले ठरवून दिलेल्या आकारात बसवून अपलोड करायचे. राज्याची एमएचटी-सीईटी आणि देशपातळीवरची जेईई मेन या परीक्षा संगणकावरच होतात. फक्त मोबाइलवर वाढलेली हुशार मुलेही संगणक कक्षात माउस हातात धरताना बिचकतात, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. परीक्षेच्या दिवशी ही बिचक महागात पडते.

नोकरीच्या अर्जातही हीच गोष्ट पुढे येते. सरकारी लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांच्या वेगाचे प्रमाणपत्र मागतात. काचेवर बोट फिरवून हा वेग बोटांत बसत नाही. त्याला खरा कीबोर्ड आणि रोजचा सराव लागतो.

उर्दूवाल्यांचा वेगळा प्रश्न

आपल्या घरांपुढे आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही. उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, मदरशांची पत्रके, निकाहच्या पत्रिका, उर्दू पुस्तके यांची मांडणी वर्षानुवर्षे 'इनपेज' या सॉफ्टवेअरवर होत आली आहे. नूरी नस्तालीकचे ते देखणे वळण त्यातूनच छापखान्यापर्यंत पोहोचते. इनपेज हे विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. मराठी छपाईतील 'श्री-लिपी' आणि दुकानांच्या हिशेबातले 'टॅली' हीसुद्धा विंडोजचीच. मोबाइलच्या प्रणालीवर चालणारा टॅबलेट घेतला, तर या कामांचे दार बंद होते.

राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा संगणक, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो करून घरबसल्या काम मिळवू पाहणाऱ्या मुलीला टॅबलेट देणे म्हणजे शिवणकाम शिकलेल्या हाताला सुई देऊन मशीन नाकारणे होय. सुईनेही शिवता येते, पण दिवसाला किती कपडे होतील?

एक्सेलचेही तसेच. मोबाइल-टॅबलेटवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. शिवाय १०.१ इंचापेक्षा मोठ्या पडद्यावर ऑफिसच्या फाइलींमध्ये बदल करायचे असतील तर मायक्रोसॉफ्टची वार्षिक किंवा मासिक वर्गणी भरावी लागते. 'वर्ड-एक्सेल चालते का?' एवढे विचारून भागत नाही. आपल्याला हवे ते सगळे चालते का, हे विचारावे.

किंमत सगळी मिळून काढा

पाटीवरची किंमत पाहून भुलू नये. अनेक कंपन्या कीबोर्ड आणि पेन वेगळे विकतात. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो आणि ॲपलच्या आयपॅड प्रोचेही तसेच आहे. कीबोर्ड, पेन, कव्हर, पेनड्राइव्ह लावण्याची जोडणी हे सगळे धरून बेरीज करा. ती झाल्यावर त्याच पैशांत बऱ्यापैकी लॅपटॉप येतो, असे पुष्कळदा दिसून येते.

दुरुस्तीचाही विचार हवा. टेबलावरच्या संगणकाचा कीबोर्ड बिघडला तर काही शे रुपयांत नवा येतो, मेमरी कमी पडली तर वाढवता येते. टॅबलेटची मेमरी सहसा आतच पक्की बसवलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते आणि काच फुटली की खर्च ऐकून माणूस गप्प होतो.

विंडोजचा हायब्रिड घेत असाल तर दोन गोष्टी तपासा. तो 'एस मोड'मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधली ॲप घेता येतात. या मोडमधून फुकट बाहेर पडता येते, पण पुन्हा मागे जाता येत नाही. आणि जुना, वापरलेला घेत असाल तर त्यावर विंडोज ११ चालते याची खात्री करा, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

यंत्र कोणाच्या हातात राहणार?

शेवटचा प्रश्न तंत्राचा नाही, घराचा आहे. टॅबलेट उचलून नेता येतो. त्यामुळे मुलीच्या अभ्यासासाठी आणलेला टॅबलेट संध्याकाळी भाईजानच्या हातात क्रिकेट दाखवत असतो आणि रात्री धाकट्याच्या गोधडीत खेळ खेळत असतो. मुलगी मागायला लाजते. मग तिच्या वाट्याला अम्मीच्या मोबाइलचा उरलेला तास येतो. बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवलेला संगणक कोणी पळवत नाही. त्यावर कोण काय पाहते, हे सगळ्यांच्या नजरेसमोर असते आणि पाळी लावून देता येते. टॅबलेटच घेतलात तर तिच्या अभ्यासाचे तास ठरवून द्या आणि घरातल्या मोठ्यांनी आधी ते पाळा.

थोडक्यात, पाहणाऱ्या-वाचणाऱ्या घरात टॅबलेटने संगणकाची जागा केव्हाच घेतली आहे. लिहिणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या, हुनर शिकणाऱ्या घरात ती जागा पूर्ण विंडोज आणि धड कीबोर्ड असलेला हायब्रिडच घेऊ शकतो. तो परवडत नसेल तर साधा लॅपटॉप किंवा टेबलावरचा संगणक अधिक उपयोगी. इल्मसाठी खर्च केलेला पैसा वाया जात नाही, पण तो योग्य वस्तूवर खर्च व्हायला हवा. म्हणून दुकानदाराला विचारण्याआधी घरातल्या मुलीला विचारा, "बेटा, तुला यावर काय काय करायचे आहे?" ती सांगेल ती यादी घेऊनच दुकानात जा.