आखडलेली छाती व खांदे: घरच्या घरीं करावयाचे ताण

शेतकऱ्यास निराळा व्यायाम कशास पाहिजे, असा प्रश्न आमच्या पुष्कळ वाचकांच्या मनांत येईल. दिवसभर शेतांत राबणाऱ्या माणसास आणखी हातपाय हलविण्याचा उपदेश करणें म्हणजे भरल्या विहिरींत घागर ओतण्यासारखें आहे, असें वरवर पाहतां वाटतें. परंतु श्रम आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. श्रमांत एकच हालचाल शेंकडों वेळां होते, व तीहि बहुधा एकाच दिशेनें; व्यायामांत सांधा जितका वळूं शकतो तितका सर्व बाजूंनीं वळविला जातो. खुरपणी, कापणी, कापसाची वेचणी, रोपांची लावणी, ट्रॅक्टर हांकणें, यांपैकीं कोणतेंहि काम घ्या. त्यांत हात शरीरापुढें व खांदे झुकलेले असतात. हात पाठीमागें नेण्याचा प्रसंग दिवसांतून क्वचितच येतो. संध्याकाळीं हिशेबाची वही किंवा मोबाईल घेऊन बसावें, तर तेथेंहि मान खालीं आणि खांदे पुढेंच.

छातीच्या पुढील भागांत मुख्य असे दोन स्नायु आहेत. मोठा स्नायु गळ्याखालचें आडवें हाड, छातीचें मधलें हाड व बरगड्या यांपासून निघून दंडाच्या हाडास मिळतो. त्याच्या खालीं लपलेला लहान स्नायु तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या बरगडीपासून निघून खवाट्याच्या पुढच्या टोंकास चिकटतो. हे दोन्ही आखडले म्हणजे खांदा पुढें ओढून धरतात, आणि पाठीकडील स्नायूंस उलट बाजूनें ओढ सोसावी लागते. म्हणून दुखणें पुष्कळदां दोन खवाट्यांच्या मध्यें किंवा मानेच्या मुळाशीं जाणवतें, आणि मनुष्य तेथें तेल चोळून घेतो. चोळल्यानें घटकाभर बरें वाटतें हें खरें. पण ज्या दोरीनें खांदा ओढला गेला आहे ती छातीवर आहे, तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

पाठीवरच्या फवारणीच्या पंपाची यांत विशेष भर पडते. सोळा लिटरच्या पंपांत पाण्याचेंच वजन सोळा किलो होतें. पंपाचें वजन निराळें. पट्टे खांद्याच्या पुढच्या बाजूस रुततात आणि ओझें तोलण्याकरितां मनुष्य पुढें वांकतो. पट्टे रुंद असावे, व पंप पाठीस घट्ट बसेल इतके आंवळलेले असावे. लोंबता पंप जास्त जड लागतो.

आपले स्नायु आखडले आहेत किंवा नाहींत हें पाहण्याची एक ढोबळ युक्ति आहे. सपाट जमिनीवर उताणें निजून हात अंगालगत सैल सोडावे व खांद्यांची मागील बाजू जमिनीपासून किती वर राहते तें घरच्या माणसाकडून पाहवावें. एक खांदा दुसऱ्याहून स्पष्टपणें वर राहत असल्यास त्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावें.

उपायांत आम्ही पहिला मान दाराच्या चौकटीस देतों. चौकटींत उभें राहून दोन्ही हात कोपरांत वांकवावे व कोपरापासून तळव्यापर्यंतचा भाग चौकटीवर टेकवावा. कोपर खांद्याच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावें. मग एक पाय पुढें टाकून अंगाचा भार हळूहळू पुढें न्यावा. छातीच्या पुढील भागांत ओढ जाणवली कीं तेथेंच थांबावें. कंबर पुढें काढून पोट फुगविल्यास छाती मुळींच ताणली जात नाहीं. ही चूक फार सामान्य आहे. सहा-सात सावकाश श्वास होईपर्यंत, म्हणजे सुमारें तीस सेकंद, तसेंच राहावें व दोन वेळां करावें. जुन्या वाड्याचा दरवाजा रुंद असल्यास एका वेळीं एक हात टेकवावा. ओसरीचा खांबहि चालतो. कोपर थोडें वर सरकविलें म्हणजे ओढ त्या लपलेल्या लहान स्नायूपर्यंत पोंचते. मात्र ओढीऐवजीं खांद्याच्या सांध्यांत टोंचूं लागल्यास कोपर लागलीच खालीं घ्यावें. ज्याचा खांदा पूर्वीं निखळला असेल त्यानें हा ताण वैद्यकीय सल्ल्याशिवाय करूं नये.

थकलेल्या माणसास दुसरा उपाय अधिक आवडेल, कारण त्यांत निजावयाचेंच आहे. जुनी चादर घट्ट गुंडाळून चार बोटें जाडीची वळकटी करावी व ती मानेखालून कंबरेपर्यंत पाठीच्या कण्याखालीं उभी घ्यावी. डोक्याखालीं उशी, गुडघे वांकविलेले, हात दोन्हीं बाजूंस पसरलेले व तळवे वर. दोन-तीन मिनिटें स्वस्थ पडून राहावें. हातांचें वजनच काम करतें. याखेरीज पंचाचीं दोन टोंकें पाठीमागें धरून, कोपरें सरळ ठेवून, हात थोडे मागें व वर उचलण्याचीहि रीत चांगली आहे.

ताणानें छाती सैल होते, परंतु खांदा मागें धरून ठेवण्याचें बळ पाठीनेंच द्यावयाचें असतें. त्यासाठीं बसल्या जागीं दोन्ही खवाटे एकमेकांकडे ओढून पांच सेकंद धरावे व सोडावे; असें दहा वेळां. औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. त्या नमस्कारांतहि एका स्थितींत छाती पुढें काढून खांदे मागें न्यावे लागतात. ज्यांस ते येतात त्यांनीं ते सोडूं नयेत.

वेळ संध्याकाळची, ऊन पाण्यानें स्नान झाल्यावरची उत्तम. थंडीच्या पहाटे, अंग गार असतांना, स्नायु ताणूं नयेत. कामास निघण्यापूर्वीं हात गोल फिरविले तरी पुरे. हिसके तर केव्हांहि देऊं नयेत. एका दिवसांत गुण येईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. नेमानें केल्यास कांहीं आठवड्यांत फरक दिसतो. हाताला मुंग्या येऊं लागल्यास किंवा बधिरपणा आल्यास ताण थांबवावा. हात कोणत्याच दिशेस पुरता फिरत नसेल, तर तो गोठलेला खांदा असूं शकतो. मधुमेह्यांत हा विकार अधिक आढळतो. तेथें डॉक्टरांस दाखवावें.

छातीचा प्रत्येक आवळा स्नायूंचा नसतो, हें आम्ही मुद्दाम सांगतों. चालतांना किंवा श्रम करितांना छातीवर दाब येणें, कळ डाव्या हातांत, जबड्यांत वा पाठींत जाणें, घाम सुटणें, दम लागणें, हीं हृदयविकाराचीं लक्षणें असूं शकतात; मधुमेह्यास कळ फारशी न येतां नुसता दमहि लागतो. दाबल्यावर दुखतें तें स्नायूंचें, ही समजूत पूर्ण भरंवशाची नाहीं. अशा वेळीं ताण, मालीश किंवा शेक यांत एक क्षणहि न घालवितां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

फवारणीनंतरचा आवळा याहूनहि फसवा आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणींतील विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले. छाती आवळून श्वास जड होणें, तोंडाला लाळ सुटणें, घाम, ओकारी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास फवारणी तत्काळ थांबवावी. विषाने भिजलेले कपडे काढून अंग साबणानें धुवावें, पण धुणाऱ्यानें आपल्या हातांस विष लागूं देऊं नये. मग रोग्यास विनाविलंब रुग्णालयांत न्यावें, आणि औषधाच्या डब्यावरील कागद किंवा रिकामा डबाच बरोबर घ्यावा, म्हणजे कोणतें विष अंगांत गेलें हें डॉक्टरांस कळेल.