बर्फ पडण्याआधीची बेगमी

काश्मीर खोऱ्यात 21 डिसेंबरपासून 40 दिवस कडाक्याची थंडी असते. तिला 'चिल्लई कलाँ' म्हणतात. मग 20 दिवसांची 'चिल्लई खुर्द' आणि 10 दिवसांची 'चिल्लई बच्चा' येते. बर्फ पडला, दरड कोसळली की जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद होतो, विमाने रद्द होतात, वीज जाते. म्हणून तिथल्या बायका उन्हाळ्यातच वांगी, टोमॅटो, दुधी वाळवून ठेवतात.

घराची ही रीत छोट्या धंद्यालाही हवी. शाली, केशर, अक्रोड विकणारे चार माणसांचे दुकान घ्या. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारीच्या आसपास येतो. म्हणजे ईदची मागणी नेमकी बर्फाच्या दिवसांत! तेव्हा दुकान बंद राहिले तरी काम घरून चालले पाहिजे.

पहिली गोष्ट माल. अक्रोड सप्टेंबरात उतरतो, केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात खुडले जाते. त्यातला काही माल तेव्हाच दिल्ली-मुंबईच्या भरवशाच्या माणसाकडे पाठवावा. घरी बसून मागणी घ्यायची, माल तिथून निघेल.

दुसरी गोष्ट हिशेब. वही दुकानात आणि मालक घरात, असे नको. हिशेब, ग्राहकांचे पत्ते आणि मालाचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असावेत. उधारी लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकरहमध्ये आहेच.

तिसरी गोष्ट माणसे. मागणी कोण घेणार, पैसे कोण तपासणार, हे आधी ठरवा. इन्व्हर्टर, पॉवर बँक आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड तयार ठेवा. कामगार घरी अडकला तरी त्याची चूल पेटायला हवी. पगार वेळेवर द्या. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस हीटर पेटवून काम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो झोपेतच जीव घेतो.

शेवटी ग्राहक. 'चार दिवसांत पोहोचेल' असे वचन देण्यापेक्षा 'रस्ता सुरू झाल्यावर' असे खरे सांगावे.

हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाची तरतूद केली. अल्लाहवरचा भरवसा आणि तयारी या एकमेकींविरुद्ध गोष्टी नाहीत. आपल्या कोकणात बर्फ नाही, पण पावसाळ्यात घाट बंद पडतात. आगोटीच्या तयारीत मीठ-मसाल्याबरोबर ही यादीही असू द्या.