उभी रेघ आणि दोन टोकं

कॉलेजच्या प्रयोगशाळेत लिहिलेला माझा पहिला ‘पाइप’ अजून आठवतो, कारण तो चाललाच नाही. एका प्रोसेसने आकडे लिहायचे, दुसरीने ते वाचून शेवटी बेरीज छापायची, एवढंच काम होतं. आकडे पोचले, पण बेरीज काही छापली जाईना. कर्सर लुकलुकत राहिला. तास संपला, शिपाई दिवे घालवायला आला, तरी माझी दुसरी प्रोसेस आणखी आकडे येतील म्हणून तिष्ठत बसलेली. चूक एका ओळीची होती. ती कोणती हे सांगायचं तर आधी पाइप कुठून आला ते सांगायला हवं.

बागेतली नळी

चालू असलेला प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेस. युनिक्सच्या घराण्यातली कुठलीही प्रणाली घ्या, लिनक्स असो, मॅक असो की खिशातला अँड्रॉइड फोन. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी ठेवतो. एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. त्यामुळे एक कोसळली तरी दुसरी शाबूत राहते. पण मग त्यांनी एकमेकींशी बोलायचं कसं?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जमध्ये डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एक टिपण टाइप केलं. बागेत पाणी घालायच्या नळीला जसा गरजेप्रमाणे आणखी एक तुकडा जोडतात, तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. युनिक्सचा जन्म तेव्हा पाच वर्षं दूर होता. केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स उभं केलं. मॅकिलरॉय त्यांचे विभागप्रमुख होते, पण हुकूम सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी नळीचा विषय मात्र सोडला नाही. अखेर १९७३ च्या सुरुवातीला थॉम्सननी एका रात्रीत पाइप लिहिला आणि अनेक प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेतले. दुसऱ्या दिवशी जो तो एका ओळीत आज्ञा जोडून करामती करत सुटला, अशी आठवण मॅकिलरॉय सांगतात. त्याच फेब्रुवारीत निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात पाइपची नोंद आहे.

जोडणीसाठी सुरुवातीला ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह वापरत. ते गोंधळाचं ठरलं आणि काही महिन्यांतच त्याच्या जागी उभी रेघ आली. ही रेघ मराठी वाचकाला अनोळखी नाही. अभंगाच्या छापील पानावर चरण संपला की असाच दंड येतो. तिथे तो आपल्याला थांबवतो. युनिक्समधला दंड मात्र डावीकडचं सगळं उजवीकडच्याच्या हवाली करतो.

सहा आज्ञा

या रेघेची ताकद १९८६ मध्ये जगजाहीर झाली. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात जॉन बेंटली सदर लिहीत असत. त्यांनी डोनाल्ड क्नूथ यांना एक काम दिलं: मजकुरात सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द आणि त्यांची संख्या छापणारा प्रोग्रॅम लिहा. क्नूथ यांनी कित्येक पानांचा, कलाकुसरीचा प्रोग्रॅम लिहिला. परीक्षण मॅकिलरॉय यांच्याकडे होतं. त्यांनी कौतुक केलं आणि तेच काम सहा आज्ञांच्या साखळीत करून दाखवलं.

पहिली आज्ञा मजकूर फोडून प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर टाकते. दुसरी मोठी अक्षरं लहान करते. तिसरी शब्द वर्णक्रमाने लावते, त्यामुळे सारखे शब्द शेजारी येतात. चौथी सारख्यांचा एक करून संख्या लिहिते. पाचवी संख्येनुसार उतरत्या क्रमाने मांडते आणि सहावी वरच्या हव्या तेवढ्या ओळी ठेवून थांबते. यातली एकही आज्ञा ‘शब्द मोजण्यासाठी’ लिहिलेली नव्हती. आपल्या मागेपुढे कोण उभं आहे, हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नसतं.

हे ठाऊक नसणं मुद्दाम ठेवलेलं आहे. युनिक्समध्ये प्रोसेसला फाइल दिसते ती एका छोट्या क्रमांकाच्या रूपात. शून्य क्रमांकावरून वाचायचं, एक क्रमांकावर लिहायचं. त्या क्रमांकामागे कीबोर्ड आहे, डिस्कवरची फाइल आहे की दुसरी प्रोसेस, याच्याशी तिला कर्तव्य नाही. दोन क्रमांक चुकांच्या संदेशांसाठी राखला गेला, त्यामागे अनुभव होता. फोटोटाइपसेटरवर पानं जुळवताना चुकांचे संदेशही मजकुरात मिसळून छापले जात आणि महागडा कागद वाया जाई.

पाइप म्हणजे कर्नलमधली मोजकी जागा. लिनक्सवर ती साधारणपणे ६५,५३६ बाइटची असते. ती भरली की लिहिणारीला कर्नल झोपवतो, रिकामी झाली की वाचणारीला. त्यामुळे जलद आणि संथ प्रोसेस आपोआप एका चालीवर येतात. वाचणारी निघून गेली असेल, तर लिहिणारीला इशारा मिळतो आणि तिने त्याची सोय केलेली नसेल तर ती तिथेच संपते. आणि लिहिण्याची सगळी टोकं बंद झाली, की वाचणारीला ‘संपलं’ असं कळतं.

माझी चूक या ‘सगळी’ शब्दात होती. पाइप तयार करून मी प्रोसेसची दुसरी प्रत काढली, तेव्हा दोन्ही टोकं दोघींकडे गेली. लिहिणारीने आपलं टोक बंद केलं, पण वाचणारीच्या हातात लिहिण्याचं आणखी एक टोक तसंच उघडं राहिलं. ती स्वतःचीच वाट पाहत बसली होती.

अनोळखींची गाठ

नातं असेल तरच हा साधा पाइप चालतो, कारण टोकं वारशाने मिळतात. अनोळखी प्रोसेसांसाठी फाइलसारखं नाव असलेला पाइप आला. बेल लॅब्जच्या ओहायोतल्या कोलंबस शाखेत तयार झालेली आणखी तीन साधनं १९८३ च्या सिस्टिम फाइव्हमधून सर्वदूर पसरली: संदेशांची रांग, सेमाफोर आणि सामाईक मेमरी.

यांत सामाईक मेमरी सर्वांत वेगवान, कारण तिथे मजकूर इकडून तिकडे न्यावाच लागत नाही. एकच फळा आणि दोघींच्या हाती खडू. पण एकीचं लिहून व्हायच्या आत दुसरी पुसायला लागली तर घोटाळा, म्हणून पाळी ठरवायला सेमाफोर. या साधनांची एक खोड आहे. प्रोसेस मेली तरी तिने मांडलेला फळा तसाच राहतो. कोणी तो मुद्दाम काढेपर्यंत किंवा यंत्र बंद होईपर्यंत तो जागा अडवून बसतो. शिवाय त्याच्या आकाराची कर्नलने ठरवलेली मर्यादा बहुधा तोकडी असे. पोस्टग्रेस या डेटाबेसने २०१३ च्या ९.३ आवृत्तीत आपली मोठी सामाईक मेमरी या पद्धतीतून बाहेर काढली, तेव्हा ती मर्यादा वाढवण्याच्या कटकटीतून कित्येक व्यवस्थापक सुटले.

दरम्यान अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर वेगळाच प्रश्न होता. दुसरी प्रोसेस दुसऱ्याच गावच्या यंत्रावर असेल तर? अमेरिकी संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेच्या पैशावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली गटाने उत्तर शोधलं, ते म्हणजे ‘सॉकेट’. बिल जॉय यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे काम ऑगस्ट १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या आवृत्तीतून बाहेर आलं. दार्पाचंच संगणकांचं जाळं, अर्पानेट, त्याच वर्षीच्या १ जानेवारीला टीसीपी/आयपी या संवादाच्या नियमांवर गेलेलं होतं.

सॉकेटची रीत दुकानासारखी आहे. सॉकेट घ्यायचं, त्याला पत्ता बांधायचा, कान देऊन बसायचं आणि आलेल्या गिऱ्हाईकाला आत घ्यायचं. गिऱ्हाईकाने फक्त पत्ता गाठायचा. जोडणी झाली की पुन्हा तोच छोटा क्रमांक, तेच वाचणं आणि तेच लिहिणं. ४.२ बीएसडीमध्ये तर खुद्द पाइपच आतून सॉकेटांची जोडी म्हणून लिहिलेला होता. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टीने स्पर्धेत आपली वेगळी पद्धत उतरवली, पण ती मागे पडली. विंडोजवरही १९९० च्या दशकात ‘विनसॉक’ नावाने बर्कलीचीच रीत पोचली.

विश्वासाची किंमत

टोकाला कोण आहे हे न विचारण्याची किंमत २ नोव्हेंबर १९८८ ला कळली. ‘फिंगर’ नावाची एक सेवा होती. दूरच्या यंत्रावर कोण काम करतं आहे, हे ती सांगे. तिला चालवणारा प्रोग्रॅम सॉकेट थेट तिच्या शून्य क्रमांकावर जोडून देई. त्यामुळे समोर कीबोर्ड असल्यासारखी ती एक ओळ वाचायची. ओळीसाठी जागा ५१२ बाइट होती आणि ओळ किती लांब आहे हे तपासलं जात नव्हतं. कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याच्या ‘वर्म’ने, म्हणजे यंत्रामागून यंत्रात स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, ५३६ बाइट पाठवले. जादा बाइट प्रोग्रॅमच्या स्वतःच्या हिशेबावर सांडले आणि व्हॅक्स यंत्रांचा ताबा वर्मकडे गेला. त्या मुलाचे वडील बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले. वर्मने इतर वाटाही वापरल्या, पण ही वाट सर्वांत बोलकी आहे. कीबोर्डपाशी बसलेल्या सहकाऱ्यावर ठेवलेला विश्वास तारेपलीकडच्या परक्यालाही तसाच मिळाला होता.

तेव्हा भारतातही यंत्रांचं असं जाळं विणलं जात होतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईची दोन ठाणी होती, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. सुरुवातीचं ईमेल यूयूसीपी या युनिक्सच्याच साधनाने, फोन लावून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई. टीसीपी/आयपी त्यानंतर आलं. सर्वसामान्यांसाठी व्हीएसएनएलने इंटरनेट खुलं केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

माझं मत विचाराल, तर पाइप आणि सॉकेट टिकले, कारण त्यांनी मजकुराचा अर्थ लावायचं नाकारलं. ते फक्त बाइट वाहतात. अर्थ काढणं आणि समोरच्याला पारखणं हे टोकाला बसलेल्याचं काम आहे. फिंगर सेवेने हे काम केलं नाही, इतकंच.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत ‘आयपीसीचे (म्हणजे प्रोसेसांच्या आपसांतल्या संवादाचे) प्रकार लिहा’ हा प्रश्न नेहमीचा आणि उत्तरं पाठ केलेली. शिकवणाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या प्रात्यक्षिकाला मुलांना पाइप लिहायला लावा आणि टोक बंद करायची ती ओळ मुद्दाम सांगू नका. कर्सर लुकलुकत राहील. राहू द्या. दिवे घालवायची वेळ होईपर्यंत त्यांचं त्यांना सापडेल.