पस्तीस पौंडांचा बुरूज

पस्तीस पौंडांत घर मिळते काय? 1917 साली आयर्लंडमध्ये मिळाले. घेणारा होता कवी विल्यम बटलर येट्स, आणि वस्तू होती गॉल्वे परगण्यात बॅलिली येथे नदीला अगदी खेटून उभा असलेला एक पडीक चौकोनी बुरूज. सरकारी मंडळाने एवढीच किंमत लावली, यावरूनच त्याच्या अवस्थेची कल्पना यावी!

अशा वास्तूंना तिकडे टॉवर हाऊस म्हणतात. पंधराव्या ते सतराव्या शतकांत जमीनदारांनी त्या हजारोंनी बांधल्या. आपल्या गढीसारखाच प्रकार, फक्त आडवा न पसरता उभा वाढलेला. एका मजल्यावर एक मोठे दालन, त्यावर दुसरे, त्यावर तिसरे. भिंतीच्या जाडीतच चक्राकार दगडी जिना. 1429 साली तर इंग्लंडच्या राजाने डब्लिनभोवतालच्या चार परगण्यांसाठी फर्मान काढले, की जो कोणी 20 फूट लांब, 16 फूट रुंद नि 40 फूट उंच बुरूज बांधील त्याला 10 पौंड मिळतील. बॅलिलीचा बुरूज या बक्षिसाचा नव्हे. तो दूर पश्चिमेकडच्या बर्क घराण्याचा. पण मला त्या फर्मानापेक्षा एक बारीकशी खूण अधिक बोलकी वाटते. कमानदार छत घालताना कारागीर खाली काटक्यांच्या विणलेल्या चटया धरीत. चटई कुजून जाई, परंतु चुन्यावर तिची वीण उमटून राही. अनेक बुरुजांत ती आजही दिसते.

येट्सने दुरुस्तीसाठी विल्यम स्कॉट हा वास्तुशास्त्रज्ञ नेमला. पहिले महायुद्ध चालू, सामान दुर्मिळ. तेव्हा त्याने एका जुन्या गिरणीच्या तुळया, जाड फळ्या नि फरशीचे दगड विकत घेतले. लोखंडी काम गॉर्टच्या लोहारशाळेत झाले. हा सगळा खटाटोप नवपरिणीत पत्नी जॉर्ज हिच्यासाठी होता. 1919 पासून हे कुटुंब उन्हाळ्यात तेथे राहू लागले. 'किल्ला' हा शब्द त्याला मिरवणारा वाटे, म्हणून त्याने आयरिश भाषेतले साधे 'थूर', म्हणजे बुरूज, हे नाव दिले.

राहणे मात्र सुखाचे नव्हते. 1922 च्या यादवी युद्धात बंडखोरांनी शेजारचा पूल सुरुंगाने उडवला. घराबाहेर पडायचे नाही, असे त्यांनी आधी बजावले; काम आटोपल्यावर आभार मानून शुभरात्रीही म्हटले! भिंतींतला दमटपणा त्याहून वाईट. येट्सची प्रकृती खालावली आणि 1920 चे दशक संपता संपता बिऱ्हाड हलले. पुढे या कवीचा आपल्याकडच्या एका माणसाशी स्नेह जडला. विदर्भातल्या बडनेऱ्याचे पुरोहितस्वामी यांच्याबरोबर त्याने दहा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते 1937 साली प्रसिद्ध झाले.

इकडे बुरूज पुन्हा पडीक झाला. जवळच कूल येथे लेडी ग्रेगरी या विदुषीचा भव्य वाडा होता. आयरिश नाट्यचळवळीतले सारे लेखक तेथे जमत. तो वाडा 1941 साली चक्क पाडून टाकला. बुरुजाचे नशीब बरे म्हणायचे. मेरी हॅनली या बाईंनी किल्टार्टन सोसायटीमार्फत पुढाकार घेतला आणि 1965 साली, येट्सच्या जन्मशताब्दीला, डागडुजी होऊन तो लोकांसाठी उघडला. भिंतीवर एक दगडी पाटी आहे. हे घर कुणासाठी नि कशाकशाने सावरले, हे येट्सने तिच्यावर कवितेत सांगितले आहे. वास्तू पुन्हा ढासळली तरी ही अक्षरे राहोत, अशी प्रार्थनाही त्याने केली आहे. स्वतः घर बांधणाऱ्याने असे मागावे, याचे मला त्या पाटीसमोर उभा असताना नवल वाटले.

पण हा नुसता कविस्वभाव नव्हे. तेथली जमीन चुनखडीची. नद्या मध्येच भूगर्भात शिरतात नि मैलभर पुढे वर येतात. बुरुजाखालची नदीही अशीच गडप होऊन कूलच्या तळ्याकडे निघते. अतिवृष्टी झाली, की भुयारी वाटा तुडुंब भरतात आणि पाणी उलटे चढते. 2009 च्या हिवाळ्यातल्या पुराने बुरूज बंद पडला, तो काही वर्षे तसाच. गावकऱ्यांनी नवी मंडळी जमवून 2015 साली, दीडशेव्या जयंतीला, दार उघडले. त्याच हिवाळ्यात पाणी पुन्हा आत शिरले! तरी मंडळींनी हात टेकले नाहीत. पाणी ओसरले की चिखल काढायचा, भिंती वाळू द्यायच्या आणि उन्हाळ्यात पाहुण्यांना जिना दाखवायचा.