दुखणं दिसत नाही, म्हणून ते खोटं नसतं
सिकलसेल असलेल्या मुलांच्या मनाविषयी

डिसेंबरची पहाट. सातवीतली एक मुलगी अंथरुणात उठून बसते. गुडघे, मांड्या, पाठ असं दुखतं की जणू कोणी हाडं पिळतंय. पण ती कोणाला उठवत नाही. मागच्या आठवड्यात तिच्यापायी बाबांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. शिवाय आजी म्हणाली होती, "काल त चांगली खेळून राहिली होती, आज कायचं दुखते?" म्हणून ती तोंडात गोधडीचं टोक धरून रडते.

हे घर कुठलं, ते विचारू नका. इंदोरा, टेका, पाचपावली, कोणत्याही वस्तीत ते सापडेल. सिकलसेलची गोळी, रक्त आणि दवाखाना यांविषयी आपण थोडंफार बोलतो. त्या मुलीच्या मनात काय चाललं आहे, याविषयी फारसं बोलत नाही.

आजार कुठून आला?

नागपुरातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेल आढळतो, हे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 1958 मध्येच जगापुढे मांडलं. या आजारात गोल, लवचीक तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि तिथे भयंकर दुखतं. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं आणि अति दमणूक ही त्याची नेहमीची निमित्तं. म्हणूनच काल खेळणारं मूल आज उठू शकत नाही. ते नाटक नसतं, या आजाराची रीतच तशी आहे.

आई आणि बाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. दोष एकट्या आईचा कधीच नसतो. हा 'अमक्या जातीचा रोग'ही नाही. वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथल्या लोकांत हा गुण टिकला. आफ्रिकेत तसा, मध्य भारतातही तसाच.

तरी अजून काही घरांत मुलाच्या कानावर पडतं, "मागच्या जन्माचं काय पाप होतं कोण जाणे!" आपण सहज बोलतो आणि विसरतो. मूल मात्र ते लक्षात ठेवतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माची ही कल्पना खोडून काढली आहे. जो ग्रंथ आपण विहारात वाचतो, त्याच्या उलट घरात बोलायचं का? या दुखण्याला कारण आहे आणि ते रक्तात आहे. मुलाच्या चुकीत नाही.

मूल जे बोलत नाही

सिकलसेलमध्ये मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. म्हणून मुलाला वारंवार लघवी लागते आणि मोठ्या वयातही अंथरूण ओलं होतं. आपण रागावतो, भावंडं हसतात. हळूहळू मूल मामाकडे राहायला नको म्हणतं आणि पाणी पिणंच कमी करतं. पाणी कमी पडलं की दुखणं वाढतं. अशी लाजेपोटी तब्येत बिघडते.

वाढही उशिरा होते. नववीतला मुलगा पाचवीतला दिसतो, मुलीची पाळी उशिरा येते, डोळे पिवळे दिसतात. मग टोपणनावं पडतात. काही मुलांना लिंगाची दुखरी ताठरता येते आणि ती तासन्‌तास उतरत नाही. लाजेमुळे मुलगा कोणालाच सांगत नाही. वयात येणाऱ्या मुलाला बाबांनी किंवा काकांनी आधीच सांगून ठेवावं की असं झालं तर लपवायचं नाही. चार तासांच्या आत दवाखाना गाठायचा.

काही मुलांच्या मेंदूला रक्त कमी पडून नकळत इजा होते. लक्ष लागत नाही, पाठ केलेलं विसरतं. शाळा त्याला 'ढ' ठरवते आणि मूलही तेच खरं मानतं. अभ्यास एकाएकी मागे पडू लागला तर मारू नका, डॉक्टरांना सांगा.

घरात काय करता येईल?

पहिलं, विश्वास ठेवा. "किती दुखतं? शून्य ते दहामध्ये सांग," असं विचारा. मूल आठ म्हणालं तर आठ. कोमट शेक द्या, पाणी पाजा, डॉक्टरांनी ठरवून दिलेली वेदनेची गोळी द्या. बर्फ लावू नका. जवळ बसून गोष्ट सांगा, गाणं लावा, हळूहळू श्वास घ्यायला लावा. लक्ष दुसरीकडे गेलं आणि भीती उतरली की दुखणं सोसणं थोडं सोपं होतं. पण ताप, छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूची कमजोरी किंवा एकदम फिकट पडणं दिसलं तर घरी थांबू नका.

दुसरं, वयाला पेलेल तेवढं खरं सांगा. सहा वर्षांच्या मुलाला, "तुझ्या रक्तातल्या काही पेशी वाकड्या होतात, तू काही चुकीचं केलं नाहीस," एवढं पुरे. बारा वर्षांच्या मुलीला हायड्रॉक्सियुरिया कशासाठी आहे ते समजावा. दुखण्याचे झटके कमी करण्यासाठी ती रोज घ्यायची असते आणि अधूनमधून रक्त तपासायचं असतं. कारण कळलं की मूल गोळी लपवून फेकत नाही. "लग्न जमणार नाही, कोणाला सांगू नको," असं बजावलं की मुलीला वाटतं आपल्यातच काही घाण आहे.

तिसरं, बरं असताना मुलाला मुलासारखं जगू द्या. खेळू द्या, दमलं की थांबू द्या, घरातलं छोटं काम द्या. आणि ज्या भावंडाच्या वाट्याला आई येतच नाही, त्यालाही रोज थोडा वेळ द्या.

शाळेशी बोला

पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला अडवू नका, उन्हात किंवा थंडीत उभं करू नका. हे वर्गशिक्षकांना लेखी द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घ्या. दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळते, तिची चौकशी वेळेवर करा.

मन थकल्याच्या खुणा

दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प किंवा सतत चिडलेलं असेल, खेळत नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, औषध नाकारत असेल, तर मेडिकल किंवा मेयोच्या मानसोपचार विभागात दाखवा. त्यात वेड लागल्याचा शिक्का नाही. "मी नसते तर बरं झालं असतं," असं मूल म्हणालं तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक मोफत आहे. दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. थकलेल्या आईनेही तो फिरवावा.

आपल्या नागपूरचे संपत रामटेके यांच्या स्वतःच्या घरात हा आजार आला. त्यांनी तो लपवला नाही. सिकलसेलग्रस्त कुटुंबांना एकत्र आणून संस्था उभी केली. 2018 मध्ये त्यांच्या कामाला पद्मश्री मिळाली. विहारात महिन्यातून एक रविवार या मुलांसाठी ठेवता येईल. आपल्यासारखंच दुसरं कोणी आहे, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं की त्याचा एकटेपणा हलका होतो.

आणि त्या पहाटेच्या मुलीला? तिला आजीकडून एवढंच ऐकायचं आहे, "दुखून राहिलं न बेटा? माहीत आहे मले. थांब, पाणी गरम कराले ठेवतो."