उपयुक्ततेचा शाप

कन्हानच्या काठी वसलेल्या खाप्याहून सागर दूर आणि सह्याद्रीही दूर. तेव्हा सह्याद्रीतील नरक्या हे झाड आणि मन्नारच्या आखातातील समुद्रकाकडी हा प्राणी संकटात असल्यास येथील शिक्षकाने वा कारकुनाने त्याची चिंता का वाहावी? कारण एवढेच की, जे उपयोगी ते माणूस जपतो, हा आपला आवडता समज ही दोन्ही उदाहरणे खोटा ठरवतात.

नरक्याच्या फुलांना दुर्गंधी येते. त्याला पूर्वी कोणी विचारीत नसे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ साली तेच नरक्यातही सापडले. त्यापासून कर्करोगावरील औषधे सिद्ध झाली आणि नरक्याचे भाग्य फिरले. झाडे तोडून त्यांच्या लाकडाचे तुकडे परदेशी जाऊ लागले. ज्या गुणाने रुग्णांना आयुष्य दिले, त्याच गुणाने झाडाचे आयुष्य हिरावले.

समुद्रकाकडी वाळू गिळते, तिच्यातील सेंद्रिय अंश पचवते आणि उरलेली वाळू मागे टाकते. शेतात गांडूळ करते तेच हे काम. परंतु उकडून वाळवलेली समुद्रकाकडी चीनमध्ये महागडे पक्वान्न ठरते. झाडाला पाय नाहीत, हिला वेग नाही. वेचणाऱ्याच्या हाती दोन्ही सहज लागतात.

कायद्याने मात्र दोघांना एकाच मापाने मोजले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वनस्पतींना स्थान मिळाले ते १९९१ साली, आणि तेही अवघ्या सहांना. समुद्रकाकडीला २००१ साली पहिल्या अनुसूचीचे कवच लाभले. तरीही तिची चोरटी निर्यात थांबली नाही. २०२० साली लक्षद्वीपमध्ये तिच्यासाठी राखीव क्षेत्र घोषित करावे लागले.

याचा अर्थ, केवळ बाजार तारत नाही आणि केवळ बंदीही तारत नाही. औषधासाठी नरक्याची लागवड व्हावी, रानातील झाड रानातच राहावे आणि राखणाऱ्या गावकऱ्यांना उत्पन्नाचा न्याय्य वाटा मिळावा, हाच व्यवहार्य मार्ग होय. विदर्भाच्या जंगलात चारोळीसाठी फांद्याच छाटल्या जातात, हे आपण जाणतोच. बाजारात चारोळीचा भाव विचारताना झाडाचीही विचारपूस व्हावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.